बंद करा ते!

१

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या गल्लीत सगीराची रेकॉर्डिंगची खोली होती आणि तिच्या खाली शौकतमियाँचं शिलाईचं दुकान. रोज सकाळी सगीरा वर यायची, भिंतींना ठोकलेल्या गोधड्या झटकायची, पंखा बंद करायची आणि काम लावायची. आवाज जरा चढला की खालून शौकतमियाँचा मापाचा लाकडी गज छताला लागायचा. खट, खट, खट. पाठोपाठ ओरड यायची, "बाजी, नक्को वो! नाप चुक जारा मेरा!" सगीरा वरून पाय आपटून उत्तर द्यायची. इतक्या वर्षांत या दोघांनी एकमेकांची विचारपूस कधी गोड आवाजात केली असेल तर शपथ.

त्या उन्हाळ्यात गज वाजायचा थांबला. आवाज बंद पडला की माणसाला लगेच कळतं, तक्रार बंद पडलेली मात्र कळत नाही. सगीरालाही बरेच दिवस कळलं नाही, कारण ती कामात बुडाली होती. कडूबामामांच्या कॅसेटी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेत होती आणि साफ करत होती.

कडूबा कोण, असं औरंगाबादेत विचाराल तर बहुतेकांना सांगता येणार नाही आणि ज्यांना येईल ते आधी हसतील. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन गेल्यावर देवगाव रंगारीत एका शेतकऱ्याच्या घरी हे मूल झालं. आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून आईने याचं नाव कडूबा ठेवलं. कडू जिन्नस कोण उचलून नेणार? पोर जगलं, शहरात आलं, गुलमंडीवर रेडिओ दुरुस्तीला लागलं, मग लग्नामांडवांत भोंगे लावू लागलं. आणि उरलेल्या वेळात भंगारातले व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, फाटके स्पीकर जोडून त्याने काही डबे बनवले. त्या डब्यांना ना तार होती ना भाता. बटणं फिरवली की त्यातून आवाज निघायचे, लांबलचक, वर चढत जाणारे, कुठल्याच रागात न बसणारे. लोक म्हणायचे, कडूबाचं डोकं फिरलंय. पण इंजिनिअरिंगची पोरं, विणकर, टीव्ही मेकॅनिक असे कोण कोण गुपचूप त्या खोलीत जमायचे. कॅसेटींवरून कॅसेटी निघाल्या, पुण्यामुंबईला गेल्या, आणि आज तिकडे जे कोणी असले प्रयोग करतात त्यांच्यापैकी अर्ध्यांनी कडूबाचा माल नाव न घेता उचललेला आहे. सिल्लोडपासून फर्दापूरपर्यंतची मांडववाली पोरं माइक तपासताना जी चढती शिट्टी मारतात ना, ती कडूबाची. त्यांना स्वतःला ते ठाऊक नाही.

त्यांच्या खोलीचे नियम विचित्र होते. ऐकायला आलेल्याने उभं राहायचं. खोलीत एकच लोखंडी खुर्ची, ती मिटून खिळ्याला टांगलेली, म्हाताऱ्याकोताऱ्यालाही मिळायची नाही. आणि कुणी 'वा' म्हणायचं नाही. एकदा एका मोठ्या गवयाच्या तोंडून ते निघून गेलं तर मामांनी सरळ फ्यूज काढून हातात घेतला आणि मंडळींना बाहेर काढलं. सगळ्यात वाईट म्हणजे, आवाज अगदी रंगात आला, अंगावर काटा यायला लागला, की मामा नेमके त्याच जागी स्टीलची वाटी माइकच्या जाळीवर घासायचे. खर्रर्र! दात आंबायचे. आणि आतल्या स्वयंपाकघरातून त्यांची बायको भागूबाई ओरडायची, "बंद करा ते! विटले कान!" प्रत्येक कॅसेटीत ही खर्र आहे आणि तिच्यामागून ही ओरड आहे.

मामांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांचा जुना चेला बद्रीनाथ, सिल्लोडचा, आता पुण्यात कार्यक्रम भरवायचा. त्याने वर्षश्राद्धाच्या सुमारास औरंगाबादेत मोठा कार्यक्रम ठरवला होता आणि सगीराला बजावलं होतं, "ती खर्र आणि मामीचं ओरडणं काढून टाक. लोकांना एकदा तरी मामा नीट ऐकू दे." सगीराही मामांचीच चेली, आणि तिलाही ती खर्र पहिल्यापासून खुपायची. तिने आनंदाने कापली. सांधा असा जोडला की शोधून सापडू नये.

एका दुपारी तिने साफ केलेली कॅसेट पहिल्यापासून लावली. आवाज चढत गेला, जिथे खर्र होती तिथून अलगद पलीकडे गेला आणि विरला. त्यानंतरच्या शांततेत कुणीतरी हलकेच म्हणालं, "वा."

पहिला घास आवडल्यावर माणूस म्हणतो तसा.

२

सगीरा घाबरट बाई नव्हती. लग्नाच्या वरातींत दारुड्यांच्या हातून माइक हिसकावून घेणारी बाई ती. तिने मूळ कॅसेट पुन्हा लावली. तिथे खर्र होती, ओरड होती, 'वा' ऐकू येत नव्हता. बरोबरच आहे, तिने स्वतःला सांगितलं, त्या खर्रनंतर कानाला कुठला ऐकू येणार. कुणा पाहुण्याच्या तोंडून निघून गेला असेल. मग तिने दुसरी साफ केलेली कॅसेट लावली. तिथेही होता. मग एक फार जुनी, मामांचा आवाज अजून कोवळा असतानाची. तिथेही तोच गळा, तेच समाधान. मामा कॅसेटीगणिक म्हातारे होत गेले होते, हा गळा मात्र होता तसाच होता.

"टेपचा दोष," ती मोठ्याने म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे. उठताना तिचा पाय कशाला तरी लागला. गिऱ्हाइकासाठी ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची. ती दाराशी असायची. आज खोलीच्या मध्यावर होती.

मामांनी भरलेली शेवटची कॅसेट अजून भागूबाईकडेच होती. ती आणायला सगीरा जुन्या मोंढ्यामागच्या मामांच्या त्याच खोलीवर गेली. भागूबाईने दार उघडलं. एके काळी गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा हिचा आवाज. आता ती घशातल्या घशात बोलायची.

"ये पोरी. बस म्हणत नाय. हितं उभंच ऱ्हायाचं, तुला ठाऊकच हाय."

"मामी, तब्येत बरी नाही का? आवाज असा का झाला?"

"आवाजाला काय धाड भरली? वरडायचं ज्याच्यावर ते गेले. आता वरडू कुणावर, भितीवर?" तिने सगीराच्या हातात चहाची बशी दिली आणि निरखून पाहिलं. "कॅसेटीत माझं वरडणं ठिवलं का?"

सगीरा चाचरली. "काढलं, मामी. खर्रपण काढली. लोकांना ऐकायला गोड वाटावं म्हणून."

"काढलं?" भागूबाई हातातलं फडकं घेऊन तशीच उभी राहिली. "कामून काढलं गं? उद्या कुणाच्या लेकराच्या गालावर तीट दिसली, तर डाग हाय म्हणून पुसून टाकशील का तू?"

"ती तीट होती?"

"मला काय ठाऊक! हे म्हणायचे, भागू, गोड झालं का तू वरड. म्या वरडायचे. आन् माझे कान खरंच विटायचे, त्यात काय खोटं नव्हतं." तिला हसू आलं आणि तिथेच मावळलं. "त्या दिवशी म्या देवगावला गेलते. भाच्याची हळद व्हती. दुसऱ्या दिवशी आले, तर हे टेबलापाशी पडल्याले. डागदर म्हणला काळीज बंद पडलं. पडलं आसंल बाबा. पण सगीरा, ती खुर्ची खिळ्याला नव्हती."

सगीराने भिंतीकडे पाहिलं. लोखंडी खुर्ची खिळ्याला होती. आता तिला सुतळीने करकचून बांधलं होतं.

"उघडून समोर ठिवल्याली. टेबलाला खेटून. ज्या माणसानं जन्मात कुणाला ती खुर्ची दिली नाय, त्यानं त्या दिवशी कुणाला दिली?" भागूबाईने फडक्यात गुंडाळलेली कॅसेट पुढे केली. "म्या नव्हते ना वरडायला," ती म्हणाली, आणि चहाची बशी घेऊन आत गेली.

३

शेवटची कॅसेट सगीराने दुसऱ्या दिवशी भर दुपारी लावली. खाली शौकतमियाँचं दुकान उघडं होतं, गल्लीत भाजीवाला ओरडत होता, भ्यायचं काही कारण नव्हतं.

असं काही तिने मामांकडून कधी ऐकलं नव्हतं. एक बारीक आवाज जमिनीलगत सुरू झाला, हळूहळू उठला, त्याला दुसरा भेटला, आणि दोघे मिळून असे वर निघाले की सगीराच्या डोळ्यांत पाणी आलं. ती खर्रची वाट पाहत होती. खर्र आली नाही. त्याऐवजी लोखंडाचा एक आवाज आला, मिटलेली खुर्ची उघडताना होतो तो. आवाज चढतच होता. थोड्या वेळाने खुर्ची करकरली. मग पुन्हा करकरली, आधीपेक्षा माइकच्या जवळ. कुणीतरी बसल्या बसल्या ती पुढे ओढत होतं, नाटक रंगलं की माणूस ओढतो तशी.

मग संगीत थांबलं आणि अगदी माइकला तोंड लावून कुणीतरी म्हणालं, "वा."

आणि त्यानंतर मामांचा आवाज. चिडलेला नाही, दमलेला.

"भागू... वरड की गं."

पुढे काही नव्हतं. टेप संपेपर्यंत नुसती टेप फिरत होती. सगीराने ती शेवटपर्यंत ऐकली, कारण तिला बटणापर्यंत हात नेता येईना.

हे मामीला सांगायचं नाही, असं तिने तेव्हाच ठरवलं.

शहाणी बाई असती तर तिथून उठून घरी गेली असती. सगीरा उठली नाही, आणि का उठली नाही ते सांगितलंच पाहिजे. तिच्याकडे स्वतःचं असं एक होतं. मामांनी दिलेल्या डब्यावर तिने बरीच वर्षं खपून रचलेलं. ते तिने कुणाला ऐकवलं नव्हतं. ऐकवणार कोणाला? घरच्यांनी तिचं हे खूळ सोडून दिलं होतं. लग्नवाल्यांना भोंगा जोरात वाजला की पुरे. उभ्या आयुष्यात तिला कुणी 'वा' म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं नाही याचं दुःख तिने मामांच्या नियमाआड झाकून ठेवलं होतं. तिने डबा पुढे ओढला आणि वाजवायला घेतलं.

संपलं तेव्हा खोली गप्प होती. मग तिच्या कोपरालगत, स्पीकरमधून नव्हे, खोलीतून, कुणीतरी तेच म्हणालं.

सगीराला आनंद झाला. भीती नंतर आली, आधी आनंद झाला, आणि तो इतका मोठा होता की तिला रडू फुटलं. मान वळवली तेव्हा प्लॅस्टिकची खुर्ची तिच्या खुर्चीला चिकटून होती. तेव्हाच तिला आठवलं की कितीतरी दिवसांत खालून गज वाजलेला नाही.

ती धडपडत खाली गेली. "शौकतभाई, आजकल आप चिल्लाते नहीं?"

शौकतमियाँ सुई हातात धरून बसले होते, समोर अर्धवट शेरवानी. चेहऱ्यावर नवऱ्यामुलासारखं हसू. "क्या चिल्लाना बाजी," ते म्हणाले. "अब तो अच्छा लगता. काम छोड के सुनते बैठतूँ." शेरवानीच्या अंगावर धूळ साचली होती.

४

बद्रीनाथ आला तेव्हा सगीराला तो ओळखू येईना. गलेलठ्ठ माणूस, आता सदरा अंगावर टांगल्यासारखा. कानात ते छोटे स्पीकर, सगीराने पाठवलेल्या साफ कॅसेटी तो दिवसभर ऐकत होता. जेवायची आठवण राहत नाही, असं त्याने कौतुकाने सांगितलं.

"बद्री, कार्यक्रम रद्द कर," सगीरा म्हणाली. "नाहीतर खर्र परत घालू दे. मामींची ओरडही."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"या कॅसेटीत कुणीतरी आहे. तुलाही ऐकू येतंय. तुझी दशा बघ."

"येतंय की. 'वा' म्हणतंय." तो हसला. हसू जुन्या बद्रीनाथचंच होतं, म्हणून जास्त वाईट वाटलं. "सगीरा, मामांनी जन्मभर शिव्या खाल्ल्या. पोलिसांनी भोंगे जप्त केले, शेजाऱ्यांनी वायरी तोडल्या, घरची बाईसुद्धा बंद करा म्हणून ओरडायची. एकदा, फक्त एकदा त्यांना वा मिळू दे. तुला नाही वाटत, आपल्याला कुणी वा म्हणावं?"

सगीराने आपल्या डब्यावर फडकं टाकलं.

बद्रीनाथ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर टेकला आणि लगेच उठला. "तापलीय की ही. कोण बसलं होतं?" उत्तराची वाट न बघता तो बाजूच्या स्टुलावर बसला आणि कार्यक्रमाचं सांगू लागला. शेवटची कॅसेट स्पीकरवर लागेल, आणि तिच्या सोबतीने सगीरा मामांच्या डब्यांवर वाजवेल. सगीरा नाही म्हणाली तर? तर तो एकटा लावेल, शेवटच्या कॅसेटीची नक्कल त्याच्याकडे पोचलीच आहे. हॉल भरणार आहे, लोक ऐकणारच.

जिना उतरताना तो मधूनच मान डोलवत होता, शेजारून चाललेल्या कुणाला तरी हो म्हणावं तशी.

सगीराने खिडकीवरची गोधडी काढून टाकली आणि ऊन आत घेतलं. तिला मरणाची भीती वाटत होती. पण भीतीच्या खालून तिला राग येत होता, आणि तो हळूहळू वर येत होता. हा कोण आला आहे ऐकणारा? याला आमंत्रण कोणी दिलं? मामांनी जन्मभर दारात अडवून धरलेल्या पाहुण्याला तिने हाताने कडी काढून दिली होती. आता खुर्चीतून उठवायचं कामही तिचंच.

तिने भागूबाईला फोन केला. "मामी, कार्यक्रमाला या. आणि कान विटले तर ओरडा."

"आता नाय गं वरडवत मला," पलीकडून घशातला आवाज आला. "पर येईन."

५

स्टेशन रोडवरचं मंगल कार्यालय, दुपारची वेळ. खुर्च्यांना लग्नातल्यासारखे पांढरे अभ्रे आणि पाठीमागे लाल फिती. सगीराने सकाळीच सांगून पाहिलं होतं, खुर्च्या उचला, मामांचं उभं राहून ऐकायचं असतं. बद्रीनाथने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

लोक खरोखर आले. पुण्यामुंबईची पोरं, जुने विणकर, शहरातले मानकरी. हॉल भरला, मागे भिंतीला टेकून लोक उभे राहिले. पुढच्या रांगेत मात्र मधोमध एक खुर्ची रिकामी होती. माणसं यायची, तिच्यापर्यंत पोचायची आणि दुसरीकडे वळायची. शेजारच्या खुर्चीत बद्रीनाथ होता. भागूबाई दाराजवळ उभी होती, पदर डोक्यावर घेऊन. शौकतमियाँ दुसऱ्या रांगेत, तेच हसू घेऊन.

सगीराच्या खिशात स्टीलची वाटी होती. मामांचीच. तिने ठरवलं होतं, आवाज चढायला लागला की पहिल्याच फटक्यात घासायची.

कॅसेट सुरू झाली. जमिनीलगतचा तो बारीक आवाज उठला. सगीराने डब्याचं बटण फिरवलं आणि आपला आवाज त्याला नेऊन भिडवला. मामांचा आवाज जणू तिची वाटच पाहत होता. दोघांचे आवाज एकमेकांना धरून वर निघाले. तिची बोटं कधी चुकली नाहीत अशी चालत होती. आता वाटी काढायची, तिने मनात म्हटलं. अजून थोडं. एवढं वळण होऊ दे. हॉलमध्ये खोकल्याचा आवाज नव्हता, पंख्याचा नव्हता. शेकडो माणसं एकाच बाजूला किंचित कलली होती, पुढे.

स्पीकरमधून लोखंडी खुर्ची उघडल्याचा आवाज आला.

सगीराने समोर पाहिलं. रिकाम्या खुर्चीवरचा पांढरा अभ्रा बसायच्या जागी खचला होता. कापड ताणलं गेलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत ते पुढच्या कडेला फुगलं, दोन गोल उंचवटे आले, गुडघ्यांएवढे. पाठीची लाल फीत आपोआप घट्ट झाली. बसलेल्याने वाकून पुढे व्हावं तशी खुर्ची सरकली. खुर्ची आणि सगीराच्या टेबलाच्या मधलं अंतर कमी झालं. शेजारी बद्रीनाथ डोळे मिटून हसत होता, आणि त्याची मान त्या खुर्चीच्या बाजूला झुकली होती, खांद्यावर टेकावी तशी, आणि तिथे टेकली होती.

सगीराचा हात खिशात गेला. वाटी हाताला लागली. हात बाहेर निघेना. तिला 'वा' हवा होता. हे कबूल करायला हवं, तिला तो हवाच होता, त्याच्यासाठी तिची जीभ कोरडी पडली होती. खुर्ची पुन्हा सरकली. कॅसेट शेवटाला आली. आवाज विरला, कॅसेटीतला 'वा' या वेळी आला नाही, म्हणणारा समोर बसला होता, आणि मग हॉलभर, प्रत्येक भोंग्यातून, कडूबामामा दमलेल्या आवाजात म्हणाले,

"भागू... वरड की गं."

कुणी हललं नाही. दारापाशी उभ्या असलेल्या बाईने मात्र पदर डोक्यावरून खाली टाकला. वर्षभर घशात अडकलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"बंद करा ते! बंद करा मेल्यांनो! विटले कान! कोण हाय त्यो बसल्याला? ऊठ! ऊठ म्हणते ना!"

सगीराचा हात सुटला. तिने वाटी माइकच्या जाळीवर ठेवली आणि सगळा जोर लावून घासली. भोंग्यांनी शिट्टी मारली, असली की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. तिने आवाज कमी केला नाही, वाढवला. पुन्हा घासली. हॉल जागा झाला. माणसं कानांवर हात ठेवून उभी राहिली. "बंद करो!" शौकतमियाँ उठून किंचाळले, "बंद करो बाजी, कान फटे!" मग मागून कुणीतरी, मग रांगाच्या रांगा. बंद करा! बंद करा ओ! काय लावलंय हे! मागच्या भिंतीपासून एका म्हाताऱ्या विणकराने आईवरून शिवी हासडली आणि सगीराला ती अत्तरासारखी लागली. बद्रीनाथने मान झटकन सरळ केली, शेजारी पाहिलं आणि किंकाळी फोडली. मग तोही रडत रडत तिला शिव्या देऊ लागला, त्याच्या सिल्लोडच्या भाषेत, पोटातून.

रिकामी खुर्ची उलटून पडली होती. अभ्रा मात्र तिच्यावर नव्हता. मधल्या वाटेतून दाराकडे काहीतरी पांढरं, कमरेइतक्या उंचीवर, लोकांच्या पायांमधून घाईने चाललं होतं, आणि भागूबाई त्याच्या मागे पायातली वहाण हातात घेऊन निघाली होती.

६

कॅसेटी आता खर्रसकट आणि ओरडीसकट बाहेर पडल्या आहेत. बद्रीनाथ पुन्हा अंगाने भरला आहे, त्या दिवसाचं विचारलं की विषय बदलतो, पण पुण्याच्या कार्यक्रमांत खुर्च्या ठेवू देत नाही. तिथली पोरं उभं राहून ऐकतात आणि शेवटी घसा फुटेस्तोवर ओरडतात. का ओरडायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. कडूबांची रीत आहे, एवढं ऐकून ती ओरडतात.

सगीराने आपली प्लॅस्टिकची खुर्ची खिळ्याला टांगली. बहुतेक दिवस ती तिथेच असते.

परवा दुपारी नव्हती. दाराशी उभी होती, तोंड आत करून. भागूबाई देवगावला गेली होती. खाली मशीनचा आवाज नव्हता, शौकतमियाँ कुठे बाहेर गेले असावेत. सगीराने मामांची वाटी हाताशी ओढून घेतली. मग ती म्हणाली, "आलास? ऐक मग," आणि डबा पुढे ओढला.

तिने स्वतःचंच वाजवायला घेतलं. छान जमत होतं. दुखावं इतकं छान जमत होतं. पाठीमागे प्लॅस्टिक करकरलं. तिने वळून पाहिलं नाही. आवाज चढत गेला, त्या जागेपर्यंत आला, आणि तिच्या मानेवर कुणीतरी बोलण्याआधी घेतात तसा श्वास घेतला.

सगीराने वाटी उचलून जाळीवर घासली. "बंद कर ते!" ती स्वतःवरच ओरडली, मामीच्या सुरात. "विटले कान!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग जिन्यावरून धावती पावलं खाली उतरत गेली, परतलेल्या शौकतमियाँनी दुकानाचं दार आपटलं, आणि तिच्या पायाखाली लाकडी गज असा दणादण बसायला लागला की फरशी हलली.

"बाजी! या अल्ला! बंद करो वो!"

सगीराने आवाज वाढवला.